बेगमपेठ ते दिल्ली, मध्ये नागपूर

लग्नानंतर हे पहिल्यांदा गावी आले, तेव्हा त्यांनी मला विमानाची वाट समजावून सांगितली. जेवणं झाली होती. सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या सुपातले चार दाणे उचलून यांनी सारवलेल्या जमिनीवर ठेवले. एक दाणा आमचं अणदूर, दुसरा हैदराबाद, तिसरा नागपूर. चौथा पार चुलीपाशी नेऊन ठेवला. ती दिल्ली.

"हैदराबादपासून आठशे मैल," हे म्हणाले. "सकाळी चहा पिऊन बेगमपेठहून उडायचं, नागपूरला उतरून तेल भरायचं, की दुपारी दिल्ली."

"आन् आगगाडीनं?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन राती तरी गाडीत काढाव्या लागतात."

"बैलगाडीनं?"

"बैलगाडीनं कुणी दिल्लीला जात न्हाय, अव्वा."

"जात न्हाय ते मलाबी ठावं हाय. पर गेलं तर?"

हे हसले आणि उगाच बोटं मोजत म्हणाले, "दोन म्हयने धर."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "दोन म्हयन्याची वाट अर्ध्या दिवसात सरती. मग मधला येळ जातो कुठं?"

सगळे हसले. मामंजींना तर ठसका लागला. मी मात्र हसले नाही. सासूबाईंच्या तोंडून माझीच भीती बाहेर पडल्यासारखं मला वाटलं. माणूस सोलापूरला निघाला तर तो आता नळदुर्गला असेल, आता तांदूळवाडीच्या पुढं गेला असेल, असा मनात धरता येतो. यांच्या बाबतीत मला ते जमेना. सकाळी ते हैदराबादेत होते आणि दुपारी दिल्लीत. मधल्या वेळात ते कुठल्याच गावात नसायचे. पायाखाली जमीन नाही, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. त्या वेळात त्यांना मनात कुठं ठेवायचं हे मला कळत नव्हतं.

माझं माहेर कळंबचं. वडिलांचं धान्याचं अडत दुकान होतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, त्यामुळं मी पाचवीपर्यंत उर्दू शिकले. सतरावं लागलं तेव्हा अणदूरचं स्थळ आलं. मुलगा लढाईच्या काळात वायरलेस शिकलेला, हैदराबादच्या एका विमान कंपनीत नोकरीला. माझी आई नको म्हणाली. वडिलांनी तिची समजूत घातली, की हा विमान चालवत नाही, नुसता मागं बसून ठकठक करतो. जणू चालवणारा पडला तर मागं बसलेला वर राहणार होता.

सासरचं घर लिंगायत, माझ्या माहेरासारखंच. पण कळंबला आम्ही घरात मराठी बोलायचो आणि इथं सासू-सासरे आपसात कानडी बोलायचे. सुरुवातीला मला एक अक्षर कळायचं नाही. हे महिन्या-दोन महिन्यांनी मोटारीनं यायचे, चार दिवस राहायचे आणि जायचे. एरवी मी, सासूबाई, मामंजी आणि पुढच्या ओसरीतलं किराणा दुकान. मामंजींशी मी थेट कधी बोलले नव्हते. तशी रीतच नव्हती. ते आले की पदर पुढं ओढून मी बाजूला व्हायची. काही सांगायचं असेल तर सासूबाईंना सांगायची, तेही मामंजींना ऐकू जाईल अशा आवाजात.

पुढं तिकडं स्वातंत्र्य आलं. आमच्यावर निजामच होता. सोलापूरहून माल आणणाऱ्या गाडीवानांच्या तोंडून बातम्या यायच्या, आणि प्रत्येक गाडीवानाबरोबर त्या वाढलेल्या असायच्या. दिल्लीकडं कापाकापी चाललीय, आगगाड्या भरून मुडदे येतात, असं दुकानात लोक दबक्या आवाजात बोलायचे. मी आत तांदूळ निवडत ते ऐकायची आणि हात थांबायचा.

श्रावण निम्मा सरता सरता हे आले. वाळले होते. परसात पाणी तापवताना मी विचारलं, "काय झालंय?"

त्यांनी आधी घराकडं बघितलं. मग हळू म्हणाले, "अव्वाला सांगू नको. विमानातल्या बसायच्या जागा काढून टाकल्यात. माणसं खाली बसवतो, दाटीवाटीनं. दिल्लीहून नव्या हद्दीपलीकडं न्यायची, पलीकडून दिल्लीला आणायची. परवा एक म्हातारा माझ्या पायाशीच बसला होता. सारखा विचारायचा, किती वेळ राहिला? मी सांगायचो, अर्धा तास."

"अर्धाच तास लागतो?"

"न्हाय गं. दोन-अडीच तास लागायचे होते. पण सगळ्यांना अर्धा तासच सांगतो. जास्त सांगितलं की माणसं रडायला लागतात."

"मग अर्धा तास झाल्यावर?"

"परत विचारतात. परत अर्धा तास सांगायचं."

ते गेले तेव्हा म्हणाले, पोळ्याला येतो. पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग उतरला तरी हे आले नाहीत. पत्रही नाही. गणपती बसले. मामंजी रोज संध्याकाळी हैदराबादची मोटार यायच्या वेळी रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, आणि परत आले की दिवा लावायचे.

एक दिवस नळदुर्गचा एक व्यापारी दुकानात आला. त्याच्याशी बोलून मामंजी आत आले ते थेट सासूबाईंजवळ गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या. मी पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटत होते. मामंजी कानडीत म्हणाले, "विमान बिद्दद अंत."

सासूबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "सोसिगी हेळब्याड."

त्यांना वाटत होतं, मला अजून कानडी येत नाही. पण वर्षभरात तेवढी यायला लागली होती. विमान पडलं म्हणतात. सुनेला सांगू नको.

मी पाट्यावरून हात काढला नाही. काढला असता तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय, आणि मग ते खरं झालं असतं. मी वाटत राहिले. चटणीचं पार तेल सुटलं. सासूबाई मागून आल्या, माझ्या हातातला वरवंटा काढून घेतला आणि म्हणाल्या, "पुरं झालं आता." त्यांचे हात पिठानं पांढरे होते. आम्ही दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत होतो.

मामंजी नळदुर्गला गेले आणि टपालखान्यातून हैदराबादला तार केली. उत्तर आलं नाही. दुसरी केली. त्या दिवसांत मला भूक लागायची नाही, पण मी जेवायची. जेवले नसते तर सासूबाईंनी विचारलं असतं. खंडोबाच्या देवळात गेले तर तिथंही काय मागावं कळेना. जे घडून गेलं असेल ते देव मागं कसं घेणार, असं मनात यायचं. नुसता भंडारा कपाळाला लावून परत यायची.

तार आली ती सकाळी, दुकान उघडता उघडता. टपालाचा माणूस नळदुर्गहून सायकलवर आला होता. इंग्रजी तार आमच्याकडं कुणाला वाचता येणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तारमास्तरांनी वाचून दाखवलेली तो तोंडपाठ करूनच आला होता. उंबऱ्यातून ओरडला, "हाय! पोरगं हाय! आजारी हाय!"

सासूबाईंनी त्या माणसाचा दंडच धरला. "काय आजारी? नीट सांग."

"टायफॉईड. दिल्लीत दवाखान्यात हाय. शुद्धीत न्हाय म्हणून कळवायला उशीर झाला. त्याच्या जोडीदारानं तार केलीय. म्हणतोय, घरचं कुणी येत असंल तर कंपनीच्या विमानात दोघांना जागा देतो. लवकर या म्हणतोय."

पडलेलं विमान कुठलं होतं, पडलं तरी होतं की नाही, हे आम्हाला पुढंही कधी कळलं नाही. त्या दिवसांत बातम्या अशाच यायच्या.

कोण जाणार यावर घरात फार बोलणं झालंच नाही. मामंजी जाणार हे ठरलेलं होतं. दुसरी जागा सासूबाईंची, असं मी धरून चालले होते आणि खरं सांगायचं तर मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं. मी घरी थांबेन, दुकान बघेन. पण सासूबाई चुलीपुढून उठल्या आणि म्हणाल्या, "सून जाईल. मला कानडी येती आन् तुटकी मराठी. दिल्लीत डाक्टरला काय सांगू? हिला उर्दू येतंय."

मामंजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोर भिईल."

"भिऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "भिऊन गेली तरी पोचंल."

नाही म्हणावंसं वाटत होतं, तरी मी उठून लुगड्याची घडी घालायला लागले. सासूबाईंनी कडक भाकरी आणि चटणी फडक्यात बांधली, माझ्या पदराच्या टोकाला भंडाऱ्याची पुडी बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

अणदूरहून हैदराबादच्या मोटारीत अख्खा दिवस गेला. हुमनाबादच्या पुढं रस्त्यात एका ठिकाणी मोटार अडवून पोलिसांनी सगळ्यांना खाली उतरवलं, बोचकी सोडली. एकानं विचारलं, "कहाँ जा रहे?" मामंजी दिल्ली म्हणाले असते तर आणखी विचारपूस झाली असती, म्हणून मी पदराआडून उर्दूत म्हणाले, "शौहर बीमार हैं, दवाखाने जा रहे." त्यांनी जाऊ दिलं. मोटार सुरू झाल्यावर माझे दात वाजायला लागले, ते बराच वेळ थांबले नाहीत.

बेगमपेठच्या विमानतळावर सकाळी यांचा तो जोडीदार भेटला. तोही वायरलेसवरच होता, हैदराबादचाच. यांना दवाखान्यात पोचवून परत आलेला आणि आता पुन्हा दिल्लीला निघालेला. त्यानं मामंजींच्या पायाला हात लावला. मग आम्हाला काट्यावर उभं केलं. माणसांचं वजन करतात हे मी पहिल्यांदा बघितलं. वडिलांच्या दुकानात पोती जशी काट्यावर चढवतात, तसं मला चढवलं आणि एकानं आकडा ओरडून सांगितला. माझ्या मनात आलं, वजन जास्त झालं म्हणून मला इथंच ठेवतील तर किती बरं होईल. कुणी ठेवलं नाही.

विमान मी लांबून पक्ष्यासारखं असेल समजत होते. जवळून ते पत्र्याचं दिसलं, आमच्या गावातल्या तेलाच्या डब्यासारखं खिळ्या-खिळ्यांचं. शेपूट जमिनीला टेकलेलं, तोंड वर. आत शिरलं की जमीन चढाची. आत जागा खरंच काढून टाकलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना पत्र्याची बाकडी आणि मध्ये औषधांची खोकी, घोंगड्यांचे गठ्ठे, सगळं दोरांनी आवळलेलं. आमच्याशिवाय दोन नर्सबाई होत्या, दिल्लीच्या निर्वासितांच्या छावण्यांत काम करायला निघालेल्या.

"नागपूरला दोन-अडीच तासांत उतरू," यांचा जोडीदार मामंजींना म्हणाला. "तेल भरायला थोडा वेळ. तिथून दिल्ली तीन-साडेतीन तास."

पंखे फिरायला लागले तसा तो पत्रा माझ्या पाठीला, दातांना, डोक्याच्या कवटीला लागून थरथरायला लागला. विमान पळायला लागलं. मी डोळे मिटले. एका क्षणी खालचा खडखडाट एकदम थांबला. कुणी न सांगता मला कळलं की खाली आता काही नाही. मी दोन्ही हातांनी बाकड्याची कड धरली होती. पुढं दोन दिवस माझ्या बोटांवर त्या कडेचा वळ होता.

मामंजींनी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं होतं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. थंडी इतकी वाजायला लागली की एका नर्सबाईंनी गठ्ठ्यातली घोंगडी ओढून आम्हाला दिली. कान दुखायला लागले. आतून कुणी सुई टोचतंय असं वाटलं. त्या नर्सबाईंनी खुणेनं गिळायला सांगितलं. तोंडात ओल नव्हती. मला दोनदा ओकारी झाली. सगळ्यांत भयंकर म्हणजे वाट सरतेय हे कळायला काहीच नव्हतं. मोटारीत झाडं मागं पळतात, गावं येतात, कुणी चढतं-उतरतं. इथं नुसता आवाज. आपण जातोय की एकाच जागी लटकलोय, कळायला मार्ग नव्हता. खिडकीतून बघायचं धाडस मी केलं नाही.

नागपूरला उतरल्यावर मी विमानाच्या सावलीत जमिनीवर बसले आणि मातीला हात लावला. काळी माती, आमच्याकडच्यासारखीच. मामंजी माझ्या मागून उतरले आणि थोड्या अंतरावर चाकाला टेकून बसले. तेल भरून झालं, नर्सबाई चढल्या. यांच्या जोडीदारानं हाक मारली. मामंजी उठले नाहीत.

"मी इथनं आगगाडीनं येतो," ते म्हणाले. "तुमी व्हा पुढं."

जोडीदार खाली बसला. "काका, आगगाड्यांचा भरवसा नाही. वाटेत काय होईल सांगता येत नाही. आणि तुम्ही पोचेपर्यंत..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

"माजे पाय उचलत न्हाईत," मामंजी म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. पदर डोक्यावरून कधी घसरला होता मला कळलं नव्हतं. गावात भांडण लागलं तर मध्ये उभा राहणारा, रात्रीबेरात्री मळ्यात एकटा जाणारा माणूस. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं आणि लिंग धरलेली मूठ छातीशी दाबलेली होती. तोपर्यंत मला वाटत होतं की विमानात मी एकटीच भितेय आणि हे मला सांभाळायला आहेत. आता कळलं की सांभाळणारं कुणीच नाही. त्या भीतीपुढं विमानाची भीती काहीच नव्हती.

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. आणि बोलले ते कानडीत. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित मराठीत बोलले असते तर सुनेनं सासऱ्याला सांगितल्यासारखं झालं असतं.

"एळ्री, मावा," मी म्हणाले. उठा, मामंजी. मग आणखी एक शब्द आला, सासूबाई शेजारच्या लेकरांना म्हणायच्या तो. "अंजब्याड्री." भिऊ नका.

त्यांनी मान वर केली. "तुला येती व्हय?" ते म्हणाले.

"येती."

"कवापासून?"

"विमान पडलं म्हणालात तवाबी येत होती."

मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी हात पुढं केला आणि मी तो धरला. आम्ही दोघं तो चढ चढून आत गेलो. दुसऱ्या टप्प्यात ते माझ्या शेजारी बसले आणि माझा हात त्यांनी सोडला नाही. रीत नागपुरातच राहिली.

निघाल्यावर तासाभरानं ढग लागले. खिडकीबाहेर सगळं पांढरं, मग राखाडी. विमान एकाएकी खाली आदळायचं, पोट गळ्याशी यायचं, मग पुन्हा वर. एका खोक्याचा दोर सुटला आणि ते घसरत येऊन नर्सबाईंच्या पायावर आदळलं. त्या किंचाळल्या नाहीत. दोघींनी मिळून ते धरून ठेवलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. वरून छपरातून पाण्याचे थेंब माझ्या मांडीवर पडत होते. मला वाटलं, पत्रा फुटला.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. यांचा जोडीदार पुढच्या दारातून डोकावला. मी त्याला हाक मारून विचारलं, "अजून किती?"

तो हसला. "भाभी, घबराओ नक्को. बस आधा घंटा."

त्याला काय माहीत की हे उत्तर कशासाठी देतात ते मला ठाऊक होतं. अर्धा तास म्हणजे दोन तास असतील, चार असतील, किंवा सांगता येत नाही असं असेल. मी मामंजींना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हनला?" मी म्हणाले, "अर्धा तास." ते ऐकून त्यांच्या हाताची पकड जरा सैल झाली. तेव्हा मला कळलं, हे तसं का सांगायचे.

पुढचं दार उघडं राहिलं होतं. तिथून मला तो जोडीदार दिसत होता. कानाला लावलेले हेडफोन तो हातानं दाबून धरत होता आणि पुन्हा पुन्हा ठकठक करत होता. खालून काही उत्तर येत नसावं. त्यानं चालवणाऱ्याकडं बघून मान हलवली, नाही म्हणून. विमान वळलं. थोड्या वेळानं पुन्हा वळलं. आम्ही घिरट्या घालत होतो. खाली दिल्ली असेल, पण ती ढगांखाली कुठं होती ते वर कुणालाच माहीत नव्हतं. एक नर्सबाई डोळे मिटून प्रार्थना म्हणायला लागल्या. मला वाटलं, हेही असेच फिरत राहिले असतील कधीतरी. आणि दवाखान्यात ते आत्ता, याच वेळी, गेले असतील आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत असू.

मग तो जोडीदार एकदम पुढं वाकला, भराभर लिहायला लागला आणि चालवणाऱ्याच्या खांद्यावर त्यानं हात मारला. विमानानं नाक खाली केलं. ढगांतून बाहेर पडलो तेव्हा जमीन इतकी जवळ होती की मी ओरडले. पाण्यानं भरलेली शेतं, झाडं, तंबू. मग चाकं आपटली, विमान उडालं, पुन्हा आपटलं आणि पळत राहिलं.

दार उघडल्यावर बाहेर चिखलात माणसंच माणसं बसलेली दिसली. बोचकी, ट्रंका, लेकरं. त्यांना पलीकडं जायचं होतं की तीच पलीकडून आली होती, कळत नव्हतं. कुणी आमच्याकडं वर बघितलंसुद्धा नाही. दवाखान्यापर्यंत कंपनीच्या गाडीतून गेलो. वाटेत एक अख्खी गल्ली जळून काळी पडलेली होती आणि तिच्या तोंडाशी शिपाई उभे होते. मामंजींनी विभूती लावलेलं कपाळ उपरण्यानं झाकून घेतलं. इथं कोण आपल्याला काय समजेल याची त्यांना धास्ती होती. मीही पदर तोंडापर्यंत ओढला.

दवाखान्यात व्हरांड्यातसुद्धा खाटा होत्या. मामंजी एका खाटेजवळून पुढं निघून गेले. मीच थांबले. डोकं भादरलेलं, डोळे खोल गेलेले, ओठांना काळे पापुद्रे. मी ओळखलं ते फक्त पायांवरून. नाहीतर मीही पुढं गेले असते.

त्यांनी मला ओळखलं नाही. तीन दिवस ओळखलं नाही. मी त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायची आणि ते मला नर्सबाई समजून उर्दूत आभार मानायचे. रात्री ताप चढला की बोटांनी खाटेच्या लोखंडावर ठकठक करायचे. डॉक्टर म्हणाले, या तापावर औषध असं नाही, शरीर तरून गेलं तर गेलं. मी आणि मामंजी आळीपाळीनं बसायचो. आम्ही आता कानडीत बोलत होतो, कारण आजूबाजूच्या कुणाला ती कळत नव्हती आणि त्या गर्दीत तेवढंच आमचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. "तू?" म्हणाले. मग, "कशी आलीस?"

"विमानानं."

त्यांनी कानाशी हात नेला. "काय?"

मी मोठ्यानं म्हणाले, "विमानानं!"

"काय म्हणतेस?"

मामंजी मागं उभे होते. आम्हा दोघांनाही एकदमच उमगलं. ताप उतरला होता, पण जाताना कान घेऊन गेला होता. एक पुरता, दुसरा निम्मा.

दिवाळीच्या सुमाराला आम्ही तिघं परत आलो, तेही विमानानंच. येतानाही मी तितकीच भ्याले. लोक म्हणतात, एकदा केलं की भीती जाते. माझी गेली नाही. हे मात्र खिडकीला नाक लावून बसले होते. पुढच्या दाराकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. वायरलेसवर बहिरा माणूस काय करणार? कंपनीनं जमिनीवरचं काम देऊ केलं होतं, ते यांनी घेतलं नाही. अणदूरला दुकानात बसायला लागले. गिऱ्हाईक काय मागतंय ते ओठांवरून ओळखायचे. चुकायचे तेव्हा लोक हसायचे आणि हेही हसायचे. एकटे असले की हसत नसत.

मामंजी आणि मी मात्र पुन्हा पहिल्यासारखे झालो नाही. सासूबाईंनी एकदा विचारलं, "सून तुमच्याशी बोलती?" मामंजी म्हणाले, "बोलती की. लई बोलती." त्यापुढं त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही नाही.

पुढच्या वर्षी, पुन्हा गणपतीच्याच दिवसांत, हिंदी फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्यानं आत शिरल्या. त्या सकाळी मी परसात भांडी घासत होते. आधी लांबून घुमल्यासारखं ऐकू आलं आणि माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. तो आवाज मला पत्र्याच्या थरथरीसकट पाठ होता. गावातली माणसं ओरडत शेताकडं पळायला लागली. हे दुकानात पाठमोरे उभे राहून गूळ फोडत होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मी धावत जाऊन त्यांचा हात ओढला. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग वर.

आम्ही चौघं ओढ्याच्या खोलगटात, तुरीच्या आड बसून राहिलो. विमानं दोनदा डोक्यावरून गेली. गावावर काही पडलं नाही. नळदुर्गच्या बाजूनं धमाके ऐकू आले आणि धूर दिसला. सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेऊन तोंड गुडघ्यांत घातलं होतं. मामंजींच्या हातात लिंग होतं. हे आभाळाकडं बघत हळू आवाजात मला सांगत होते, ही लहान विमानं आहेत, पुण्याकडून आली असतील, तेल संपायच्या आत त्यांना परत फिरावं लागेल, फार वेळ थांबता येणार नाही. ते मला धीर देत होते.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हाताला हलवून विचारलं, "गेली का?"

मी मान हलवली. गेली होती. पण माझ्या कानांत आवाज तसाच चालू होता आणि संध्याकाळपर्यंत मी कुणालाच तुरीतून उठू दिलं नाही.